छोट्या ट्रकला रस्ता द्या

माझ्या शेडमध्ये उभा असलेला सुझुकी कॅरी हा ट्रक 1996 सालचा, जपानमध्ये बनलेला. ह्यूस्टनच्या पश्चिमेला पाच एकरांच्या तुकड्यात मी उन्हाळ्यात भेंडी, गवार, दोडकी, कारली पिकवते आणि थंडीत मेथी, शेपू, कोथिंबीर. तो माल शनिवारच्या बाजारात आणि आजूबाजूच्या भारतीय किराणा दुकानांत पोचवायचे काम हा ट्रक करतो. त्याच्यावर टेक्सासची नंबरप्लेट आहे, त्याचा विमा आहे, आयातीचे सगळे कागद माझ्याकडे आहेत. हा ट्रक अमेरिकेच्या रस्त्यांसाठी कंपनीने इथे कधीच विकला नाही, आणि मोटारी विकण्याचा इथला धंदाही तिने 2012 मध्ये गुंडाळला. तरीही केंद्रीय कायद्यानुसार तो माझ्याकडे असणे पूर्ण वैध आहे. असे असताना याच देशातली काही राज्ये अशा ट्रकांना रस्त्यावर येऊ देत नाहीत, आणि काहींनी तर आधी दिलेली नोंदणी परत घेतली. हे चूक आहे, आणि ते का चूक आहे हे सविस्तर सांगायला हवे.

आधी हा ट्रक काय आहे ते पाहू. युद्धानंतरच्या जपानमध्ये लोकांकडे पैसा नव्हता, गल्ल्या अरुंद होत्या, आणि लहान कारखानदारांना व शेतकऱ्यांना परवडेल असे वाहन हवे होते. म्हणून 1949 मध्ये तिथल्या सरकारने ‘केई’ नावाचा हलक्या वाहनांचा स्वतंत्र वर्ग केला. या वर्गाला कर कमी, विमा स्वस्त. बदल्यात आकारावर आणि इंजिनावर मर्यादा. इंजिनाची मर्यादा वाढत वाढत 360 सीसी, मग 1976 मध्ये 550 आणि 1990 मध्ये 660 सीसी झाली. माझा ट्रक ज्या नियमांखाली बनला त्यांनुसार लांबी 3.3 मीटर आणि रुंदी 1.4 मीटरच्या आत हवी. इंजिन तीन सिलिंडरचे, 657 सीसी, चालकाच्या सीटखाली बसवलेले. ताकद चाळीसेक अश्वशक्ती. केई ट्रकने वाहायचे वजन 350 किलो. जपानी खेड्यांत भातशेतीच्या बांधावर, मासळीबाजारात, बांधकामावर हेच ट्रक दिसतात. सुबारूच्या ‘सांबर’ या ट्रकची खास शेतकऱ्यांसाठीची आवृत्ती तर तिथल्या कृषी सहकारी संस्थांमार्फत विकली जात असे.

मराठी वाचकाला या घराण्याची ओळख वेगळी करून द्यायची गरज नाही. 1984 मध्ये मारुतीने जी व्हॅन आणली आणि जिला आपण पुढे ओम्नी म्हणून ओळखू लागलो, ती सुझुकी कॅरीच्या आधीच्या पिढीवर बेतलेली होती. तिचे 796 सीसी इंजिन आणि माझ्या ट्रकचे 657 सीसी इंजिन सुझुकीच्या एकाच एफ मालिकेतले. शाळेची मुले, लग्नाचे वऱ्हाड, रुग्ण, दुधाचे कॅन, सगळे ओम्नीने वाहिले. 2005 मध्ये टाटांनी पुण्यात एस बनवली, लोकांनी तिला छोटा हत्ती म्हटले, आणि मोठा ट्रक न परवडणाऱ्या हजारो माणसांच्या हाती स्वतःचा वाहतुकीचा धंदा आला. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तासगावला आयुष्यभर द्राक्षबाग केली. त्यांना व्हिडिओ कॉलवर ट्रक दाखवला तेव्हा ते म्हणाले, “अगं, हा आपला छोटा हत्तीच की!” आणि पाठोपाठ विचारले, “फाळका तिन्ही बाजूंनी पडतो का?” पडतो. हौद्याच्या तिन्ही बाजू खाली येतात, हौद्याची उंची गुडघ्याच्या थोडी वर असते, त्यामुळे भाजीचे क्रेट एकटीने चढवता-उतरवता येतात. इथल्या फोर्ड एफ-150 या लोकप्रिय पिकअपच्या चार दारांच्या मॉडेलला बहुतेक वेळा 1.7 मीटर लांबीचा हौदा मिळतो. माझ्या ट्रकचा हौदा त्याहून लांब आहे, आणि अख्खा ट्रक त्या पिकअपच्या तुलनेत अडीच मीटर आखूड.

हा ट्रक आला कसा? जपानमध्ये जुन्या वाहनांचे मोठमोठे लिलाव होतात. प्रत्येक वाहनासोबत तपासनिसाने भरलेला तक्ता असतो. कुठे गंज, कुठे पोचा, कुठे पुन्हा रंग, सगळे त्यात मांडलेले. ते वाचायला शिकले की हजारो मैलांवरून बोली लावता येते. दलाल बोली लावतो, जपानमधली नोंदणी रद्द झाल्याचा निर्यात दाखला मिळतो, आणि मोटारी थेट आत चालवत नेता येतात अशा जहाजातून वाहन निघते. इकडे परिवहन खात्याचा एचएस-7 फॉर्म, पर्यावरण संरक्षण संस्थेचा 3520-1 फॉर्म आणि सीमाशुल्काचे कागद भरावे लागतात. सगळा खर्च धरून ट्रक मला साडेआठ हजार डॉलरांना पडला. साधा नवा एफ-150 घ्यायचा तर चाळीस हजारांच्या घरात जावे लागते. पाच एकरांची भाजी तेवढे कर्ज फेडू शकत नाही.

त्या साडेआठ हजारांत एक कर असा होता की त्याची कुळकथा सांगायलाच हवी. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेची स्वस्त कोंबडी युरोपच्या बाजारात घुसली, म्हणून फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीने तिच्यावर जकात लावली. उत्तर म्हणून अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी डिसेंबर 1963 मध्ये चार वस्तूंवर 25 टक्के आयातकर लावला: बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक. पुढे पहिल्या तिन्हींवरचा कर गेला. ट्रकवरचा राहिला. मूळ दर मोटारीवर साधारण अडीच टक्के आणि ट्रकवर पंचवीस, असा हा फरक. जपानी शेतकऱ्याने वापरून सोडलेल्या माझ्या ट्रकवरही मी तो भरला. साठ वर्षांपूर्वीच्या कोंबडीच्या भांडणाचा भार आज भेंडी विकणाऱ्या बाईने उचलावा याला कुठलेही धोरण म्हणता येत नाही. पण कायदा आहे, तो मी पाळला.

दुसरा कायदा 1988 चा. त्याआधी डॉलर वधारलेला असताना लोक युरोपातून स्वतःच मर्सिडीज, पोर्श, बीएमडब्ल्यू मागवत आणि इथे नियमांप्रमाणे फेरफार करून घेत. अधिकृत विक्रेत्यांचा धंदा बुडू लागला, त्यांनी काँग्रेसकडे दाद मागितली, आणि खासगी आयातीचे दार जवळजवळ बंद झाले. अपवाद एक ठेवला: वाहन 25 वर्षांपेक्षा जुने असेल तर त्याला अमेरिकी सुरक्षा मानके लागू नाहीत. प्रदूषणाच्या नियमांतली सूट 21 वर्षांनंतर. श्रीमंतांसाठी पुढे आणखी एक फट निघाली. बिल गेट्स यांची पोर्श 959 कॅलिफोर्नियाच्या सीमाशुल्क आवारात 13 वर्षे अडकून पडली होती. अशा दुर्मीळ गाड्या प्रदर्शनासाठी आणि मर्यादित चालवण्यासाठी आणता याव्यात म्हणून 1999 मध्ये वेगळा नियम झाला. भाजीचा ट्रक त्यात बसत नाही. त्याला पंचवीस वर्षे वाट पाहावीच लागते.

याचा परिणाम काय होतो पाहा. आजचा नवा केई ट्रक 1996 च्या ट्रकपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. त्यात एअरबॅग आहेत, स्वयंचलित ब्रेक मिळतात, धूर कमी आहे. तो आणायला बंदी. एअरबॅग नसलेला, जुना मात्र चालतो. केंद्राने असा नियम करून फक्त जुनी वाहने आत सोडायची, आणि मग राज्याने म्हणायचे, ही वाहने जुनी आहेत, असुरक्षित आहेत, यांना नोंदणी नाही. सामान्य माणसाने या दोघांच्या मध्ये कुठे उभे राहायचे? भारताचा नियम बरोबर उलटा आहे: वापरलेली मोटार आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवे, आणि वर जबर आयातशुल्क. अमेरिकेहून परतणारे ओळखीचे लोक आपली गाडी नेण्याबद्दल विचारतात, तेव्हा मी त्यांना इथेच विकून जा म्हणते. भारताचा नियम कडक आहे, पण दारातच स्पष्ट सांगतो. आत घेऊन, कर वसूल करून, पाटी लावून मग हाकलत नाही.

अमेरिकेतल्या काही राज्यांनी नेमके ते केले. ऱ्होड आयलंडने 2021 मध्ये केई वाहनांच्या आधी दिलेल्या नोंदण्या रद्द केल्या. जॉर्जियाने 2023 मध्ये तोच मार्ग धरला. मॅसॅच्युसेट्सने मे 2024 मध्ये नोंदणी बंद केली. मालकांनी आमदारांकडे आणि वृत्तपत्रांकडे धाव घेतली, आणि सप्टेंबरात खात्याला निर्णय मागे घ्यावा लागला. टेक्सासमध्येही आधी नकारच मिळत असे. लोकांनी चिकाटीने पाठपुरावा केला, आणि एप्रिल 2024 मध्ये इथल्या मोटार वाहन खात्याने केई वाहनांना नोंदणी देण्याचे जाहीर केले. मी ट्रक घेतला तो त्यानंतर. या सगळ्या राज्यांना एक सल्ला देणारी संस्था आहे, वाहन प्रशासकांची अमेरिकन संघटना. तिने अशा लहान ट्रकांची नोंदणी न करण्याची शिफारस केली होती. शिफारस म्हणजे कायदा नव्हे. पण विधिमंडळात चर्चा न होता, मतदान न होता, एका शिफारशीच्या आधारावर खात्याने पत्र काढले की माणसाचे कामाचे वाहन अंगणात अडकते. ज्याने राज्याला विक्रीकर दिला, वर्षानुवर्षे नोंदणीशुल्क दिले, त्याला भरपाईही नाही. माझा सर्वांत मोठा आक्षेप इथे आहे. नवी नोंदणी देऊ नका असे ठरवण्याचा अधिकार राज्याला असेल, त्यावर वाद घालता येईल. दिलेली नोंदणी मालकाचा काही दोष नसताना काढून घेणे हा विश्वासभंग आहे.

नोंदणी मिळाली तरी रोजचे अडथळे असतातच. अमेरिकेत 1981 नंतरच्या प्रत्येक वाहनाचा ओळख क्रमांक 17 अक्षरांचा असतो. जपानमधल्या वाहनाला लहानसा चेसिस क्रमांक असतो, मॉडेलची अक्षरे आणि पुढे काही आकडे. संगणकाचा रकाना तो घेत नाही. एका विमा कंपनीने याच कारणावरून मला नाही म्हटले, दुसरीने माणसाला फोनवर बसवून अर्ज हाताने भरून घेतला. सुटे भाग जपानहून मागवावे लागतात. मेकॅनिक मिळणे कठीण म्हणतात, पण माझा अनुभव तसा नाही. शेजारच्या गावात ग्वाटेमालाहून आलेला एक कारागीर ट्रॅक्टर, पंप, जनरेटर दुरुस्त करतो. त्याने सीट उचलली, इंजिन पाहिले आणि म्हणाला की यात न कळण्यासारखे काहीच नाही. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, पट्टा. ज्याला हाताने काम करता येते त्याला हे वाहन समजते. आजच्या पिकअपचे बॉनेट उघडून हे म्हणता येत नाही, आणि माझ्यासारख्या छोट्या शेतकऱ्याला ही गोष्ट पैशांइतकीच मोलाची आहे.

आता सुरक्षिततेचा मुद्दा. तो खरा आहे आणि तो टाळून या ट्रकची बाजू घेता येणार नाही. चालकाचे गुडघे आणि पुढचा पत्रा यांत अंतर थोडे आहे. धडक झाली तर ती झेलायला पुढे लांब नाक नाही. आमच्याजवळून इंटरस्टेट 10 जातो, कॅटी फ्रीवे, काही ठिकाणी सेवारस्ते धरून 26 पदरी. तिथे ताशी 120 किलोमीटरने ट्रेलर धावतात. त्या रस्त्यावर मी हा ट्रक नेत नाही, आणि कुणी न्यावा असे मला वाटत नाही. मी शेतरस्त्यांनी, गावातल्या रस्त्यांनी जाते, जिथे वेगमर्यादा 45 ते 55 मैल असते. ट्रक ताशी 80 किलोमीटर आरामात पळतो.

पण धोका मोजायचा तर सगळ्यांना एकच माप लावावे. याच टेक्सासमध्ये 21 वर्षांवरचा माणूस प्रशिक्षणाचा दाखला किंवा आरोग्य विमा असेल तर हेल्मेट न घालता मोटारसायकल चालवू शकतो, तीही इंटरस्टेटवर. शंभर वर्षांपूर्वीची फोर्ड मॉडेल टी नोंदणी करून रस्त्यावर आणता येते. तिला एअरबॅग नाही, पट्टा नाही, आणि त्यावर कुणाचा आक्षेप नाही. स्वतःचा धोका पत्करण्याचा हक्क मोटारसायकलवाल्याला आहे, संग्राहकाला आहे, आणि शेतकऱ्याला नाही, असे कुठले तत्त्व आहे?

शिवाय वाहनाची सुरक्षितता म्हणजे आत बसलेल्याची सुरक्षितता एवढेच मानण्याची सवय या देशाला फार महागात पडली आहे. 2022 मध्ये अमेरिकेत 7,500 वर पादचारी वाहनांखाली मेले. महामार्ग सुरक्षेसाठी विमा कंपन्यांनी चालवलेल्या संस्थेने 2023 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला: ज्या वाहनांच्या नाकाची उंची 40 इंचांहून जास्त, त्यांच्या धडकेत पादचारी मरण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या नाकाच्या वाहनांपेक्षा साधारण 45 टक्क्यांनी अधिक. आमच्या बाजारात पार्किंगच्या जागेत मुले पळत असतात. पुढच्या उंच पिकअपच्या चालकाला बॉनेटच्या पलीकडचे चार वर्षांचे मूल दिसत नाही. माझ्या ट्रकमधून मला माझ्या पुढच्या बंपरजवळची जमीन दिसते. बाजारात येणाऱ्या आया हे न सांगता ओळखतात. ट्रक पाहून त्या हसतात, मुलांना हौद्यात बसवून फोटो काढतात, आणि मग मला विचारतात की असा ट्रक इथे का मिळत नाही.

इथे तो मिळत नाही याची कारणे मी वर दिलीच: पंचवीस टक्के कर, सुरक्षा मानके, आणि त्यांच्या जोडीला इंधनबचतीचे नियम, ज्यांत वाहनाचा चाकांमधला पसारा जितका मोठा तितके उद्दिष्ट सैल. असे नियम केल्यावर कंपन्या दरवर्षी मोठे ट्रक बनवणार, हे उघड आहे. डिसेंबर 2025 मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी जपान-कोरियात पाहिलेल्या छोट्या मोटारींचे कौतुक केले आणि त्या अमेरिकेत बनवायला मंजुरी देत असल्याचे सांगितले. घोषणेचे मी स्वागत करते. पण मूळ मानके आणि ट्रकवरचा कर बदलल्याशिवाय कारखाना उभा राहत नाही, आणि तोवर जुने ट्रक आणणाऱ्यांना गुन्हेगारासारखे वागवण्याचे कारण नाही.

काय करायला हवे याचा एक नमुना कोलोरॅडोने घालून दिला आहे. तिथल्या विधिमंडळाने 2025 मध्ये केई वाहनांसाठी कायदाच केला. तो 2027 च्या जुलैपासून लागू होईल. वेगमर्यादा ताशी 55 मैलांपेक्षा जास्त असलेल्या रस्त्यांवर ही वाहने नेता येणार नाहीत, बाकीच्या रस्त्यांवर नेता येतील. मला हे मान्य आहे. अशी अट घाला, दरवर्षी ब्रेक, दिवे आणि धुराची तपासणी करा, विक्रेत्याला धोक्यांची लेखी माहिती देणे सक्तीचे करा. पण हे विधिमंडळात, उघड चर्चेनंतर होऊ द्या, म्हणजे पुढचा अधिकारी आला की नियम बदलणार नाही. जिथे जिथे नोंदण्या रद्द झाल्या आणि अजून परत मिळालेल्या नाहीत, तिथल्या मालकांना त्या परत मिळायला हव्यात, किंवा ट्रकची पूर्ण किंमत मिळायला हवी. आणि 25 वर्षांची अट हलक्या कामाच्या वाहनांपुरती खाली आणली पाहिजे, म्हणजे एअरबॅग असलेला ट्रक माझ्यासारखीला घेता येईल.

हे सगळे मी आमच्या मतदारसंघाच्या राज्यातल्या आणि वॉशिंग्टनमधल्या प्रतिनिधींना लिहून पाठवले आहे. न्यू जर्सी, इलिनॉय, नॉर्थ कॅरोलायनात शेती किंवा बागकाम करणाऱ्या मराठी मंडळींचे ट्रकबद्दल फोन येतात, त्यांना मी आधी एकच गोष्ट करायला सांगते: आपल्या राज्याच्या खात्याकडून 25 वर्षांवरच्या केई ट्रकला रस्त्यावरची नोंदणी मिळते की नाही हे लेखी घ्या, ते पत्र विमा कंपनीला दाखवा, आणि दोघांचे होकार हाती आल्यावरच जपानच्या लिलावात बोली लावा.